दहावीनंतर कोणता ग्रुप, कोणती परीक्षा? सीईटी, जेईई, नीट आणि डिप्लोमा. फॉर्म भरण्याआधी पालकांनी हे वाचा

दहावीचा निकाल लागला की पारावर, डेअरीवर, एसटी स्टँडवर एकच विषय असतो. कुणाचा पोरगा लातूरला गेला, कुणाच्या पोरीने डिप्लोमा घेतला, कुणी थेट राजस्थानातल्या कोटाचा क्लास लावला. त्यात व्हॉट्सअॅपवर क्लासवाल्यांच्या जाहिराती सुरू होतात. या गडबडीत बरेच पालक आधी क्लासची फी भरतात आणि कोणती परीक्षा कशासाठी असते ते नंतर विचारतात. क्रम उलटा झाला की पैसा जातो, आणि कधीकधी हक्काची जागाही जाते. म्हणून ही माहिती.

आधी ग्रुप ठरवा

अकरावी सायन्सला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सगळ्यांनाच असतं. प्रश्न असतो गणित घ्यायचं की जीवशास्त्र. भौतिक, रसायन आणि गणित म्हणजे पीसीएम ग्रुप. गणिताच्या जागी जीवशास्त्र असलं की पीसीबी. दोन्ही विषय घेऊन पीसीएमबीही करता येतं.

इंजिनिअरिंगला गणित लागतंच. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकीयला जीवशास्त्र लागतं. पण बी.फार्मसी आणि बीएस्सी अॅग्री हे दोन कोर्स दोन्ही ग्रुपच्या मुलांना खुले आहेत, हे गावाकडे अनेकांना माहीत नसतं. अॅग्रीला जायचं म्हणून गणित आवडणाऱ्या पोराला बळंच जीवशास्त्र घ्यायला लावण्याची काही गरज नाही.

"दोन्ही घेऊन ठेवू, पुढचं पुढं बघू" असं म्हणणारे पालक खूप आहेत. दहावीला गणित आणि विज्ञान दोन्हीत पोरगं पक्कं असेल तर ठीक. नाहीतर चार जड विषय, प्रॅक्टिकल आणि वर दोन वेगवेगळ्या परीक्षांचा अभ्यास अशी ओढाताण होते, आणि बारावीच्या डिसेंबरपर्यंत एक विषय आपोआप सुटतो. तो कोणता सुटणार हे पोराला आधीच माहीत असतं. त्याला विचारलं तर तो सांगतो.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत समोर येतं. पहिले तीन-चार महिने तो मागे पडतो, ते अकलेने नव्हे, शब्दांनी. दहावीच्या सुट्टीत विज्ञानाचे इंग्रजी शब्द पाठ करून घेतले तरी बराच फरक पडतो. ई-बालभारतीवर अकरावीची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात.

एमएचटी-सीईटी: राज्यातली मुख्य परीक्षा

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग, बी.फार्मसी आणि कृषी पदवीच्या बहुतांश जागा या परीक्षेवर भरतात. राज्याचा सीईटी सेल ती संगणकावर घेतो. पीसीएम आणि पीसीबी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पेपर २०० गुणांचा आणि वेळ तीन तास. पीसीएममध्ये भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाला आणि गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांना. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. पीसीबीमध्ये तसाच निम्मा वाटा जीवशास्त्राचा, १०० प्रश्न, १०० गुण.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न सोडून यायचा नाही, हे मुलाला दहा वेळा सांगा. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही मिळतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. ही परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय शासनाने २०२६ च्या प्रवेशांपासून जाहीर केला आहे.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो आणि इथे गावोगाव गोंधळ होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर १०० मुलांमागे साधारण ९० मुलं त्याच्या बरोबरीला किंवा त्याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेला काही लाख मुलं बसतात, म्हणजे ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढेही हजारो मुलं असतात. त्यामुळे पेढे वाटण्याआधी मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजची कोणती शाखा कितीवर बंद झाली ते बघा. ती यादी सीईटी सेलच्या वेबसाइटवर फुकट मिळते, त्यासाठी कुणा समुपदेशकाला पैसे द्यावे लागत नाहीत.

इंजिनिअरिंगच्या मेरिटमध्ये बारावीचे गुण धरत नाहीत. पण पात्रतेसाठी बारावीला ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. सीईटीत ९५ पर्सेंटाइल पडलेलं पोरगं बोर्डात आपटलं तर सगळं वाया.

जेईई: कुणी द्यावी, कुणी नाही दिली तरी चालेल

जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा. राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए ती जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा घेते. दोन्ही दिल्या तर चांगला स्कोअर धरतात. ७५ प्रश्न, ३०० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. या परीक्षेवर नागपूरची व्हीएनआयटी आणि देशातल्या इतर एनआयटी, ट्रिपल आयटी यांचे प्रवेश होतात. एनआयटीत निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, म्हणजे व्हीएनआयटीत महाराष्ट्राच्या पोरांना चांगली संधी आहे. शिवाय राज्यातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांत १५ टक्के अखिल भारतीय जागा जेईईवर भरतात.

आयआयटीला जायचं तर मेनमधून वरच्या अडीच लाखांत यावं लागतं, मग जेईई अॅडव्हान्स्ड द्यायची. अॅडव्हान्स्ड फक्त दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. मेनचा पेपर मराठीत मिळतो, अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत.

पोराचं गणित खरंच धारदार असेल तर जेईईची तयारी जरूर करावी, त्यात सीईटीचा अभ्यास बऱ्यापैकी होऊन जातो. पण दहावीला गणितात जेमतेम साठ-सत्तर असताना केवळ शेजारच्याने लावला म्हणून दोन वर्षांचा महागडा जेईईचा क्लास लावणं हे कर्ज काढून बैल घेण्यासारखं, तेही जमीन नसताना. अशा मुलाने सीईटीवर लक्ष दिलं तर सरकारी किंवा चांगलं खासगी कॉलेज मिळू शकतं.

नीट: जागा कमी, रांग मोठी

एमबीबीएसला देशभर एकच परीक्षा, नीट. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. बरोबरला चार, चुकीला एक वजा. अलीकडच्या वर्षांत २० लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा देतात आणि देशात एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या निम्म्या खासगी कॉलेजांत, जिथली फी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर. हे गणित मुलासमोर मांडायला हवं, घाबरवण्यासाठी नाही, तर दुसरा पर्याय हाताशी असावा म्हणून. त्यासाठी पीसीबीच्या मुलाने नीटबरोबर सीईटीचाही फॉर्म भरावा. बी.फार्म आणि अॅग्रीचं दार उघडं राहतं.

नीटवर फक्त एमबीबीएस मिळतं असं नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांतली पशुवैद्यकीय पदवीही त्याच स्कोअरवर मिळते. दुधाचा धंदा असलेल्या तालुक्यात जनावरांच्या डॉक्टरची गरज काय असते ते वेगळं सांगायला नको.

पेपर मराठीतून घेता येतो, सोबत इंग्रजीही छापलेलं असतं. शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते. परीक्षेला वर्षअखेरीस १७ वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत. पहिलीत लवकर घातलेल्या मुलांच्या पालकांनी जन्मतारीख आताच तपासून घ्यावी.

कोटाला पाठवताना ही एक गोष्ट विसरू नका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची बाब हीच. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्या कोट्यासाठी मुलाकडे राज्याचा अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास झालेली असावी लागते. केंद्र सरकारी कर्मचारी, सैनिक अशा काही पालकांच्या मुलांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही.

म्हणजे पोराला राजस्थानात किंवा हैदराबादला क्लासला पाठवलं आणि तिथल्याच शाळेत बारावीचं नाव घातलं, तर गुण कितीही पडोत, तो राज्याच्या ८५ टक्क्यांतून बाहेर. उरतात फक्त अखिल भारतीय १५ टक्के आणि खासगी. क्लासवाला "अॅडमिशनचं आम्ही बघतो" म्हणतो तेव्हा अकरावी-बारावीचं नाव कोणत्या राज्यातल्या कोणत्या शाळेत राहणार, हे लेखी विचारा.

राज्यातही क्लास आणि कॉलेज यांचं साटंलोटं असतं. मुलगा क्लासला, हजेरी कॉलेजात. २०१८ मध्ये शासनाने सायन्सच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याचमुळे. प्रॅक्टिकलचे ३० गुण आणि बोर्डाचा लिहिण्याचा सराव या भानगडीत बुडतो.

क्लास लावणारच असाल तर केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना माहीत असू द्या. १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश द्यायचा नाही आणि मुलाने मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत द्यायची, असं त्यात म्हटलंय. पूर्ण दोन वर्षांची फी एकरकमी देऊ नका, आणि पावती घेतल्याशिवाय तर मुळीच नाही.

ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना महाज्योती संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते, टॅबलेट आणि इंटरनेट डेटासह. अर्ज दहावीच्या निकालानंतर सुटतात. तालुक्याला एवढी मुलं पात्र असताना अर्ज मात्र मोजकेच जातात, ही खंत आहे.

डिप्लोमाचा रस्ता

सायन्सची दोन वर्षं आणि सीईटीचा ताण नको असेल तर पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. दहावीच्या गुणांवर प्रवेश, वेगळी परीक्षा नाही, तीन वर्षं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथेही सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे गुण बघतात. वर्षं मोजली तर दोन्हीकडून सहाच. फरक एवढाच, की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षी नोकरी मागण्यासारखा कागद असतो, तर नुसती बारावी सायन्स झालेल्याच्या हातात काही नसतं. घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल तर हा विचार आधी करावा. मात्र डिप्लोमाला गेलेल्या मुलाला पुढे डॉक्टर व्हायचं म्हटलं तर ते दार बंद झालेलं असतं.

दोन वर्षांचा आयटीआय केला तरी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर एनडीए बारावीनंतर. भूदलाला कोणतीही शाखा चालते, हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन, गणित हवं. २०२१ पासून मुलीही ही परीक्षा देऊ शकतात. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था दहावीनंतर मुलांना निवडून अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे.

फॉर्म आणि कागदपत्रं

अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालाय. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. म्हणून पहिल्या नंबरला नाव टाकताना एसटीची वेळ आणि हॉस्टेल बघूनच टाका. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेरीतही पहिल्या पसंतीला हाच नियम लागतो.

मुलींसाठी आणखी एक. २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर इडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक पदवीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी कॉलेजातही, पण प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी नाही. एजंटला पैसे देऊन "सीट पक्की" करणाऱ्या पालकांच्या हे उशिरा लक्षात येतं.

जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. बारावीच्या निकालानंतर पळापळ केली तर वेळेत दाखला मिळेलच असं नाही, आणि वैधता वेळेत दिली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती तारीख बघूनच जोडा. अॅग्रीसाठी सातबारा लागतो, शेतकऱ्यांच्या मुलांना त्याचा अधिभार मिळतो.

जेईई आणि नीटच्या फॉर्मात केंद्राची यादी चालते. तिथे एसईबीसी असा प्रवर्गच नाही. मराठा समाजाच्या मुलांनी तिथे खुला, किंवा निकषात बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला इडब्ल्यूएस दाखला काढून तो प्रवर्ग भरावा. ओबीसींनीही केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं काढावं, राज्याचं तिथे चालत नाही. आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. जुळत नसेल तर आधार दुरुस्ती या सुट्टीतच करून घ्या. जेईईच्या पहिल्या सत्राचे फॉर्म बारावीच्या दिवाळीच्या आसपास सुरू होतात.