अमरावतीत जन्मलेला स्टंटवीर

१/ हॉलिवूडच्या आरंभकाळात घोडेस्वारी हेच अनेक नटांचे भांडवल होते. टॉम मिक्स आपल्या ‘टोनी’ घोड्यासह पडद्यावर अवतरे. डग्लस फेअरबँक्स तलवार परजत उंच भिंतींवरून झेप घेई. मूकपटातील साहसाला भाषेचा अडसर नव्हता. मुंबईचा कामगारही त्यावर लुब्ध झाला.

२/ लवकरच मुंबईला स्वतःचा ‘फेअरबँक्स’ मिळाला : मास्टर विठ्ठल. मूक साहसपटांचा हा नायक १९३१ मध्ये ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचाही नायक ठरला.

३/ त्याच काळात एका गिरणी कामगाराचा मुलगा पडद्याकडे डोळे लावून बसला होता. भगवान आबाजी पालव. जन्म १९१३, अमरावती. ज्या वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई, त्याच वऱ्हाडात जन्मलेला हा मुलगा. त्याचे दैवत फेअरबँक्स.

४/ मजुरी करत, कुस्तीचा नाद जोपासत भगवान मूकपटांत शिरले. १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’चे सहदिग्दर्शन केले. पुढील दशकभर अल्प खर्चाचे स्टंटपट काढले. प्रतिष्ठित समीक्षकांनी त्यांची दखल क्वचितच घेतली. कष्टकरी प्रेक्षकांनी मात्र ते डोक्यावर घेतले.

५/ या झटापटींची किंमतही मोठी होती. १९४२ मध्ये एका दृश्यात भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात बसली आणि ललिता पवार यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. स्वतः साहसपट गाजवलेल्या या नायिकेला दीर्घ उपचारांनंतर चरित्र भूमिकांकडे वळावे लागले.

६/ १९४२ मध्ये जागृती पिक्चर्स, १९४७ मध्ये चेंबूरला स्टुडिओ आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’. सी. रामचंद्र यांचे संगीत आणि भगवान यांचे ते सहजसुंदर नृत्य! पुढे अपयश आले, वैभव ओसरले. अखेरचे दिवस दादरच्या चाळीत गेले. २००२ मध्ये निधन.

७/ ‘अलबेला’पूर्वीचे त्यांचे बहुतेक स्टंटपट गोदामाच्या आगीत नष्ट झाले. म्हणूनच आज ‘भगवानदादा’ म्हटले की केवळ नृत्य आठवते. पण त्या लयीमागे स्टंटपटांत घडलेले शरीर होते. चित्रफीत जळाली की कलावंताचा अर्धा इतिहासही जळतो. उरलेला अर्धा जपणे आपल्या हाती आहे.