गरिबी की छळ? बालरुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी काही मार्गदर्शक बाबी

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळी आटोपली की वीटभट्टीवर वा बांधकामावर मजुरीसाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. या काळात बाळाची लस चुकते, वजन घटते, चुलीजवळ भाजण्याचे प्रसंग घडतात. असे मूल इस्पितळात आले की परिचारिकेपुढे दोन चुकांचा धोका उभा राहतो. गरिबीलाच छळ समजणे ही पहिली चूक. खऱ्या छळाकडे ‘गरिबाघरी असे चालायचेच’ म्हणून डोळेझाक करणे ही दुसरी. पहिल्या चुकीने निरपराध मातापित्यांवर कलंक लागतो आणि ते पुन्हा इस्पितळाची पायरी चढत नाहीत. दुसरीने मूल प्राणास मुकू शकते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक भगिनी व धर्मभगिनी परिचर्येच्या सेवेत आहेत. त्यांच्यासाठी व सर्वच पालकांसाठी आम्ही हे विवेचन सादर करीत आहोत.

प्रश्नाची व्याप्ती

मुलांना घरातूनच जाणूनबुजून इजा होऊ शकते ही गोष्ट वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केली. १९६२ साली अमेरिकेतील डॉ. सी. हेन्री केम्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणांवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा या विषयाला तोंड फुटले. भारतात केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे आढळले. ही मुले केवळ रस्त्यावरची वा काम करणारी नव्हती. घरी राहणारी व शाळेत जाणारीही त्यांत होती. म्हणून छळ हा फक्त झोपडीत होतो असे मानणे चुकीचे आहे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, छळामुळे डोक्याला इजा झालेल्या सुमारे एकतृतीयांश बालकांचे निदान पहिल्या भेटीत हुकले होते, आणि आईवडील एकत्र राहत असलेल्या गोऱ्या कुटुंबांत ते अधिक वेळा हुकले होते. ‘चांगले घर’ पाहून शंका मिटवू नये, तसेच फाटके कपडे पाहून ती घेऊही नये.

अभाव आणि हेळसांड

मळके कपडे, खरूज, केसांतील उवा, कमी वजन, चुकलेली लस ही एकटीदुकटी लक्षणे बहुधा अभावाची असतात. अशा वेळी परिचारिकेने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मदत हाताशी आल्यावर कुटुंब काय करते? पोषण पुनर्वसन केंद्रात रोजी बुडवूनही बाळाजवळ बसून राहणारी, सांगितलेला आहार निगुतीने भरवणारी आई हेळसांड करीत नाही. याउलट उपचार मोफत, गाडीची सोय झालेली, समजावून सांगितलेले, तरीही गंभीर आजारी मुलाला वारंवार उपचाराविना ठेवले जात असेल, किंवा भावंडे धडधाकट असताना एकच मूल सुकत असेल, तर अधिक चौकशी करणे आवश्यक ठरते.

शरीरावरील खुणा

१. जे बाळ अजून रांगत वा धरून चालत नाही, त्याच्या अंगावर काळेनिळे वळ सहसा उठत नाहीत. पाच महिन्यांहून लहान बाळाच्या अंगावरील कोणताही वळ गंभीर मानावा.

२. चालत्या मुलाला गुडघे, नडगी, कपाळ येथे लागते. चार वर्षांखालील मुलाच्या छाती-पोटावर, पाठीवर, कानावर वा मानेवर वळ असल्यास शंका घ्यावी.

३. वळाला पट्टा, दोरी, बोटे किंवा दात यांचा आकार असणे.

४. सांडलेल्या गरम पाण्याने भाजलेली जखम वेडीवाकडी व शिंतोड्यांची असते. मोजा चढवावा तशी सरळ रेषेत थांबलेली, दोन्ही पायांवर सारखीच असलेली जखम पाय बुडवून धरल्याची असू शकते.

५. तान्ह्या बाळाच्या बरगड्यांचे अस्थिभंग, किंवा निरनिराळ्या वेळी झालेले अस्थिभंग.

६. बाह्य जखम नसताना बाळ सुस्त होणे, झटके येणे. जोराने हलवल्याने मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो.

वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे खात्रीने सांगता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

फसव्या खुणा

आपल्याकडील अनेक बाळांच्या कमरेवर व कुल्ल्यांवर जन्मतः निळसर डाग असतात. ते माराचे नव्हेत. रक्त न गोठण्याचे विकार, मुडदूस, हाडांचा उपजत ठिसूळपणा यांचाही विचार डॉक्टरांकडून व्हावा. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा आहे. त्यातून होणारी इजा खरी आहे व ती थांबलीच पाहिजे. परंतु तेथे आईचा हेतू बाळाला बरे करण्याचा असतो. या दोन्ही गोष्टी केसपेपरवर स्पष्ट नोंदवाव्यात.

परिचारिकेने काय करावे

वजन घेताना मुलाचे कपडे उतरवावेत व संपूर्ण अंग पाहावे. जखम कशी झाली हे आरोपाचा सूर न लावता विचारावे. हकीकत दर वेळी बदलणे, ती मुलाच्या वयाशी न जुळणे, उपचारास विनाकारण उशीर होणे या महत्त्वाच्या खुणा होत. मात्र मजुरी बुडण्याची भीती व गाडीचा अभाव यांमुळेही उशीर होतो, हे विसरू नये. मूल स्वतः काही सांगू लागले तर शांतपणे ऐकावे, उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत, त्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिहून ठेवावेत. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. जखमेची जागा, आकार व माप नोंदवून लगेच बालरोगतज्ज्ञांना कळवावे.

कायद्याची बाजू

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड वा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. उपचारासाठी गुन्हा नोंदवण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि मुलाची ओळख उघड करता येत नाही. इतर छळाबाबत बालकल्याण समितीकडे किंवा १०९८ या क्रमांकावर कळवता येते. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने गरिबांची बाजूही ध्यानात घेतली आहे. जन्मदात्यांना परिस्थितीपुढे हतबल होऊन मूल सोडावे लागले असेल, तर क्रौर्याचे दंडकलम त्यांना लागू होत नाही. आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे.

आपली जबाबदारी

लहानग्यांना अडखळण करणाऱ्यांविषयी प्रभू येशूने किती कठोर शब्द उच्चारले, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. ख्रिस्तसभेच्या सेवकांकडूनही बालकांवर अत्याचार झाले व ते झाकले गेले, ही वेदनादायक वस्तुस्थिती आहे. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांवर अशा घटना वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले. तेव्हा ‘घरची गोष्ट घरात’ किंवा ‘चर्चची गोष्ट चर्चमध्ये’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही उरत नाही.

धर्मग्रामातील संघटनांनी गरजू कुटुंबाला शिधा द्यावा, कामावर जाणाऱ्या आईच्या बाळासाठी पाळणाघर चालवावे, दारूच्या आहारी गेलेल्या पित्याला उपचारापर्यंत न्यावे. अभाव जितका आपण दूर करू, तितका छळ परिचारिकेच्या नजरेला स्पष्ट दिसू लागेल. दरवर्षी २८ डिसेंबर रोजी आपण निष्पाप बालकांचा सण साजरा करतो. त्या दिवशी वेदीपुढे प्रार्थना करताना आपल्या शेजारच्या वस्तीतील मुलांचीही आठवण व्हावी, अशी आमची नम्र विनंती आहे.