‘ओके’ आणि ‘नॉट ओके’ : चाचणीच्या एका ओळीचा इतिहास 🧵

१/ १८ डिसेंबर १९८७. लॅरी वॉल या अमेरिकन प्रोग्रामरने ‘पर्ल’ या आपल्या नव्या भाषेची पहिली आवृत्ती यूजनेटवर सर्वांसाठी खुली केली. त्या गठ्ठ्यात ‘टी’ अशा एकाक्षरी नावाचा एक फोल्डर होता. आजचा धागा त्या फोल्डरविषयी.

२/ त्या काळी युनिक्स एक नव्हते. यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचे युनिक्स थोडे निराळे असे. त्यामुळे प्रोग्राम मूळ कोडच्या रूपात दिला जाई आणि घेणारा तो आपल्या यंत्रावर स्वतः घडवी. लेखकाने ते यंत्र कधी पाहिलेलेही नसे. मग तेथे प्रोग्राम नीट उतरला की नाही, हे ठरवणार कोण?

३/ वॉल यांनी हा निवाडा यंत्रावरच सोपवला. ‘कॉन्फिगर’ने यंत्राची तपासणी, ‘मेक’ने बांधणी, ‘मेक टेस्ट’ने चाचणी आणि शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ने स्थापना, असा क्रम त्यांनी आखून दिला. चाचणी स्थापनेच्या आधी होती, हे महत्त्वाचे.

४/ चाचणीची भाषा अगदी साधी. आरंभी ‘१..४’, म्हणजे एकूण चार चाचण्या होणार. पुढे ‘ओके १’, ‘ओके २’. चुकले तर ‘नॉट ओके ३’. माणसाला वाचता येईल आणि दुसऱ्या प्रोग्रामलाही मोजता येईल, इतकेच.

५/ खरे मर्म पहिल्या ओळीत आहे. समजा, दुसऱ्या चाचणीनंतर प्रोग्राम मध्येच कोसळला. पडद्यावर दोन ‘ओके’ दिसतील, ‘नॉट ओके’ एकही नाही! सहलीला निघताना गुरुजींनी मुले मोजली असतील, तरच परतताना कोण हरवले ते कळते. आधी चारांचा आकडा सांगितल्यामुळे इथेही उरलेल्या दोघांची अनुपस्थिती अपयश म्हणून नोंदली जाते.

६/ आणखी एक पेच होता. या चाचण्या चालवणारा प्रोग्रामही पर्लमध्येच लिहिलेला! ज्याची परीक्षा, तोच परीक्षक. म्हणून सर्वांत पायाभूत चाचण्या आधी घेतल्या जात. त्यांतच चूक निघाली, तर पुढे जाण्यात अर्थ नसे.

७/ १९९५ मध्ये पर्लच्या मॉड्यूलांचे ‘सीपॅन’ हे सार्वजनिक भांडार उभे राहिले आणि हीच शिस्त प्रत्येक मॉड्यूलला लागू झाली. चाचणी फसली, तर ‘सीपॅन’ची आज्ञा सहसा स्थापनाच थांबवते. १९९८ पासून स्वयंसेवकांनी आपापल्या यंत्रांवर मॉड्यूले तपासून लेखकांना अहवाल धाडण्यास आरंभ केला. लेखकाला न दिसणारी यंत्रे आता बोलू लागली.

८/ या संकेताला पुढे ‘टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल’, म्हणजेच ‘टॅप’, हे नाव मिळाले. चाचणी लिहिणारा आणि निकाल वाचणारा यांच्यात केवळ साध्या मजकुराचा करार असल्याने भाषेचे बंधन उरले नाही. बॅश स्क्रिप्टची चाचणी घेणारे ‘बॅट्स’ हे साधन (२०११) टॅप बोलते. ‘गिट’च्या स्वतःच्या चाचण्याही याच रूपात निकाल देतात.

९/ तेव्हा आपल्या प्रकल्पात चाचणीचे एखादे साधन बसवाल, तेव्हा ‘ओके’ जरूर मोजा. पण किती चाचण्या व्हायच्या होत्या, हा आकडा आधी पाहा. तक्रार न येणे आणि काम पूर्ण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद १९८७ च्या त्या ‘टी’ फोल्डरने जपला होता.

(धागा समाप्त)