दगड आधी की नावं आधी?



नामांतर लढ्यातील शहिदांच्या स्मारकाबद्दल लातूरच्या एका मित्राशी माझा पत्रव्यवहार चालू आहे. ते लिहितात, "दादा, कोरेगावला स्तंभ आहे म्हणून लाखो लोक जातात. आपणही आपल्या रणभूमीवर दगड उभा करू." उत्तरात मी त्यांना कोरेगावचाच इतिहास कळविला. तोच इथे मांडतो.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली आठशेच्या आसपास माणसं होती. त्यांत मुंबई पलटणीचे पायदळ सुमारे पाचशे. समोर पेशव्यांची वीस हजारांवर फौज. शिरूरहून रात्रभर चालून आलेले शिपाई दिवसभर अन्नपाण्यावाचून लढले, पण गाव सोडलं नाही. रात्री पेशव्यांची फौज हटली.

स्तंभ इंग्रजांनी बांधला, तोही स्वतःच्या विजयासाठी. २६ मार्च १८२१ रोजी पाया घातला. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली. त्यांत 'नाक' लागणारी नावं बावीस, बाकीची इतर जातिधर्मांची. गावकुसाबाहेरच्या माणसाचं नाव दगडावर आलं, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे त्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी पूर्वजांच्या पराक्रमाचा दाखला देऊन १९१० साली सरकारकडे अर्ज केला. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब स्तंभापाशी आले. दगड इंग्रजांचा होता, स्मारक आपलं झालं ते तेव्हापासून. नावं कोरलेली होती, म्हणूनच हे घडलं.

आता आपल्याकडे बघा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्याच वर्षी मारले गेले. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ज्यांची घरं जळाली, ज्यांनी गाव सोडलं, ज्या मायबहिणींनी मार खाल्ला, त्यांची नावं किती जणांना सांगता येतील?

म्हणून मित्राला लिहिलं, दगडाची घाई नको. आधी विहारात एक वही ठेवू. नाव, गाव, तारीख, काय सोसलं ते लिहू. ऐकीव नको, खात्रीचंच. पाहणारी माणसं आता थकली आहेत. ती आहेत तोवर प्रत्येक कुटुंबाने आपल्या म्हाताऱ्यांना विचारून ही वही भरावी, ही विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!