गिर्यारोहण आणि राष्ट्रीय संस्थेचे दप्तर

गिर्यारोहण हा विषय आमच्या वाचकांस प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. दोर, आइस ॲक्स व प्राणवायूची नळकांडी यांचा आणि जुन्या रुमालांचा संबंध काय, असा प्रश्न कोणीही करील. परंतु राष्ट्रीय संस्थेने गिर्यारोहणास कोणत्या रीतीने साह्य करावे याचा विचार निघाला म्हणजे द्रव्य, परवाना व शिक्षण ही तीन अंगे सर्वांच्या डोळ्यांपुढे येतात, आणि चौथे अंग, म्हणजे दप्तर, बहुधा विस्मृत राहते. आमच्या मते हे चौथे अंगच मुख्य होय. द्रव्य त्या मोहिमेबरोबर सरते, परवान्याची मुदत संपते, शिकलेला मनुष्य वृद्ध होतो. मागे राहतो तो कागद, आणि पुढच्या पिढीस वाट सापडते ती त्यावरून. हे मत केवळ कागदांच्या लोभाने बनलेले नाही, हे दाखविण्याकरिता थोडा इतिहास येथे देत आहो.

कडा चढून जाण्याची विद्या महाराष्ट्रास नवीन नाही. इ. स. १६७० च्या फेब्रुवारीत मावळे कोंढाण्याचा कडा रात्री चढून गेले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ते कसे चढले, एवढाच प्रश्न. घोरपडीस दोर बांधून तिला कड्यावर सोडल्याची कथा तुळशीदासाच्या पोवाड्यातली. ती लोकांच्या तोंडी इतकी बसली आहे की तीवाचून सिंहगड हे नावही कोणास आठवत नाही. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तेथे आधी दोन निवडक मावळे वानरांप्रमाणे कड्यावर चढले, त्यांनी वरून माळ लावली, आणि मग तानाजीसह बाकीचे लोक वर गेले, असा वृत्तांत आहे. गिर्यारोहकाच्या दृष्टीने पाहता हा वृत्तांत अगदी चोख आहे. पुढे जाणाऱ्याने दोर पोहोचवावा आणि मागच्यांनी त्यावर यावे, हीच रीत आजही चालते. परंतु त्या दोघा मावळ्यांची नावे बखरकाराने दिली नाहीत. गड ज्यांच्या हातापायांनी मिळाला, ते दोघे निनावी राहिले, आणि त्यांच्या जागी लोकांनी एक घोरपड आणून बसविली. नोंद नसली म्हणजे रिकाम्या जागेत दंतकथा शिरते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

हिमालयातही असाच एक निनावी पुरुष आहे. इ. स. १८६० मध्ये स्पितीच्या प्रदेशात सर्वेक्षण खात्याचे काम चालू असता, त्या खात्यातील एक खलाशी, म्हणजे मोजणीची दांडी व सामान वाहणारा नोकर, शिला नावाच्या शिखरावर दांडी घेऊन गेला, अशी नोंद आहे. त्या शिखराची उंची त्या वेळी २३,००० फुटांहून अधिक धरली गेली. ती बरोबर असती तर त्या काळी पृथ्वीवरील कोणीही मनुष्य इतक्या उंच गेल्याचा दाखला नव्हता. आणि खरोखरच कित्येक दशके हा पराक्रम जागतिक उच्चांक म्हणून ग्रंथांतून सांगितला जात होता. पुढील मोजणीत शिखर सुमारे ६,१३२ मीटरचे, म्हणजे २०,००० फुटांपेक्षा किंचित अधिक, असे ठरले व उच्चांक गेला. उंची चुकली ती दुरुस्त झाली, कारण कोनांचे व गणिताचे कागद खात्याने राखले होते. खलाशाचे नाव मात्र कोणी लिहूनच ठेवले नाही, तेव्हा ते दुरुस्त कसे व्हावे? एकाच मोहिमेच्या दोन बाबी. एकीचे दप्तर होते, दुसरीचे नव्हते.

आता संस्थांकडे वळू. लंडन येथील आल्पाइन क्लब इ. स. १८५७ च्या डिसेंबरात स्थापन झाला. गिर्यारोहणास वाहिलेली ही पहिली संस्था. तिने प्रारंभी कोणास मोठे द्रव्य दिले नाही, की मोहिमाही धाडल्या नाहीत. तिने केले ते एवढेच की, सभासदांनी आपापले चढाईचे वृत्तांत लिहून द्यावेत व ते एकत्र छापावेत. पहिला अध्यक्ष जॉन बॉल याने संपादिलेला असा पहिला संग्रह १८५९ त निघाला, आणि १८६३ पासून संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. त्याच सुमारास ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व इटली येथे आणि पुढे जर्मनी व फ्रान्स येथे अशाच संस्था निघाल्या. युरोपातील संस्थांनी डोंगरांत निवारे बांधले, वाटाड्यांची व्यवस्था लावली. ही कामे थोर खरी. पण कोणती वाट कोणी केव्हा काढली, कोठे दगड सुटतात, कोठे फिरावे लागले, हे छापून ठेवण्याची सवय त्या सर्वांनी उचलली म्हणूनच एका मनुष्याचे श्रम दुसऱ्यास भांडवल झाले.

हिंदुस्थानात हे काम हिमालयन क्लबने केले. दिल्ली येथे १७ फेब्रुवारी १९२८ रोजी ही संस्था स्थापन झाली. सरसेनापती बर्डवुड हा तिचा पहिला अध्यक्ष. वर्षअखेरीस कलकत्त्याची माउंटन क्लब ऑफ इंडिया ही तिच्यात विलीन झाली. पुढील वर्षी 'हिमालयन जर्नल' निघाले. त्याचा पहिला संपादक केनेथ मेसन हा सर्वेक्षण खात्यातला, व म्हणून तारीख, उंची व दिशा यांविषयी कसोशी बाळगणारा होता. त्याने १९४० पर्यंत बारा खंड काढले. मग महायुद्धामुळे खंड पडून तेरावा १९४६ त निघाला. पुढे या जर्नलचे संपादन मुंबईकडे आले. सोली मेहता व त्यांच्यानंतर हरीश कपाडिया यांनी ते दीर्घकाळ चालविले. हिमालयाच्या इतिहासाचे हे मुख्य साधन मुंबईत सिद्ध होत आले, ही गोष्ट आमच्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसावी.

परंतु या क्लबचे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटणारे काम दार्जिलिंगचे होय. तेथे मोहिमांकरिता शेर्पा व भोटिया हमाल मिळत. प्रत्येकाजवळ निरनिराळ्या साहेबांनी दिलेल्या शिफारशीच्या चिठ्ठ्या असत. त्या हरवत, भिजत, क्वचित दुसऱ्याच्या हाती जात. क्लबने या लोकांची नोंदवही केली, प्रत्येकास क्रमांक दिला, कोण कोणत्या मोहिमेत होता व किती उंच गेला हे त्यात टिपले. जर्नलमध्ये त्यांच्या याद्या छापल्या. १९३८ च्या एव्हरेस्ट मोहिमेनंतर उंचावर काम केलेल्यांस 'टायगर' ही पदवी व बिल्ला देण्याचा प्रघात पडला; अंगथार्के व तेनझिंग हे त्या मानकऱ्यांत होते. हे दप्तर का हवे होते, याचे उत्तर दोन आकड्यांत आहे. १९२२ साली ७ जून रोजी एव्हरेस्टवर हिमलोटात सात हमाल गेले. १९३७ त नंगा पर्वतावर एका रात्री सोळा जण गाडले गेले, पैकी नऊ शेर्पा होते. ज्यांची नोंद आहे त्यांच्या वारसांस काही मागता येते. ज्यांची नाही त्यांस कोणाकडे जावे हेही कळत नाही.

दप्तर म्हणजे सर्वस्व, असा मात्र आमचा आग्रह नाही. १९३५ साली तरुण तेनझिंगजवळ अनुभवाची एकही चिठ्ठी नव्हती. एरिक शिप्टनने केवळ मनुष्य पाहून त्यास घेतले. कागद मागणारा कारकून त्या जागी असता तर एव्हरेस्टचा इतिहास निराळा झाला असता.

स्वातंत्र्यानंतरची हकीकत याहून अलीकडची असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १९५१ त डून स्कूलचे शिक्षक गुरदयाल सिंग यांनी त्रिशूल शिखर सर केले, तेव्हा या देशात राष्ट्रीय संस्था नव्हती; लहानशी तुकडी आणि जर्नलमधील जुने वृत्तांत एवढ्यावर ते काम झाले. १९५४ च्या नोव्हेंबरात दार्जिलिंगास हिमालयन माउंटनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली. मेजर नरेंद्र जयाल हे पहिले प्राचार्य व तेनझिंग हे प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख. पुढे मुंबईचे वकील केकी बनशा यांच्या नेतृत्वाखाली चो ओयू या ८,१८८ मीटर उंचीच्या शिखरावर मोहीम निघाली. तिला द्रव्य मिळवून देण्यासाठी दिल्लीत एक समिती नेमण्यात आली. १५ मे १९५८ रोजी सोनम ग्यात्सो व पासंग दावा लामा माथ्यावर पोहोचले. जयाल यांस त्याच मोहिमेत मृत्यू आला. एका मोहिमेपुरती नेमलेली ही समिती मोडली नाही, तिने एव्हरेस्टचे कार्य अंगावर घेतले, आणि १९६१ त तिचेच इंडियन माउंटनिअरिंग फाउंडेशन झाले. म्हणजे आपली राष्ट्रीय संस्था लेखनातून उपजली नाही, ती मोहिमेच्या खर्चातून उपजली. या जन्मकथेचा परिणाम तिच्या स्वभावावर झाला, असे आम्हांस वाटते.

त्या स्वभावाचे गुण निर्विवाद आहेत. १९६० व १९६२ च्या एव्हरेस्ट मोहिमा माथ्याच्या अलीकडून परतल्या, तरी संस्था खचली नाही. तंबू, कपडे वगैरे साहित्य देशातच बनविण्याचा उद्योग झाला. १९६५ च्या मे महिन्यात एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखाली नऊ जण एव्हरेस्टवर पोहोचले. त्याच वर्षी उत्तरकाशीस नेहरू संस्था निघाली. १९८४ त एव्हरेस्टवर गेलेल्या बचेंद्री पाल याच संस्थेत शिकलेल्या. एवढे काम सरकारच्या पाठबळावाचून झाले नसते. परंतु मोहीम यशस्वी झाली की सत्कार व्हावा, पुस्तक निघावे, आणि मूळ टिपणे ज्याच्या त्याच्या घरी जावीत, अशी आपल्याकडे रीत पडली. पुण्यामुंबईकडील गिर्यारोहक मंडळांचीही, १९५४ त मुंबईत निघालेल्या गिरिविहारापासून पुढे, हीच कथा. रोजनिशी, खर्चाच्या वह्या, छायाचित्रांच्या काचा व फिती ही घराण्यांकडील दप्तराप्रमाणेच माळ्यावर पडून असतात.

दप्तर व छाननी यांवाचून काय होते, ते २०१६ साली दिसले. पुणे पोलीस दलातील एका दांपत्याने एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला. नेपाळ सरकारचे प्रमाणपत्रही त्यांस मिळाले. पुढे छायाचित्रे दुसऱ्या एका भारतीय गिर्यारोहकाच्या चित्रांवरून बनविल्याचे उघड झाले, प्रमाणपत्र रद्द झाले, व दहा वर्षांची बंदी आली. त्याच वर्षीचा असाच दुसरा दावा तर राष्ट्रीय साहस पुरस्कार जाहीर होईपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, टिकला. मग पुरस्कार रोखला गेला, आणि २०२१ त नेपाळने सहा वर्षांची बंदी घातली. दोन्ही प्रसंगी शंका प्रथम सहकारी गिर्यारोहकांनी घेतली, कार्यालयाने नव्हे. मोर्तब आहे म्हणून सनद खरी असे मानणारा संशोधक फसतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सावली कोणत्या बाजूस पडली, मागे कोणते शिखर दिसते, बुटांचा रंग दोन चित्रांत एकच आहे काय, हे पाहणे आणि शाईचा रंग व अक्षराचे वळण पाहणे यांत तत्त्वतः भेद नाही.

हे काम एकट्या मनुष्यास साधते, याचा दाखला काठमांडूस मिळतो. एलिझाबेथ हॉली या अमेरिकन बातमीदार बाई १९६० पासून तेथे राहिल्या. त्या स्वतः कधी शिखर चढल्या नाहीत. मोहीम शहरात उतरली की त्या गाठ घेत, परतल्यावर पुन्हा गाठ घेत, आणि उलटतपासणी करून सर्व लिहून ठेवीत. त्यांची टिपणे २००४ त एकत्र प्रसिद्ध झाली, आणि २०१८ त त्या वारल्या तेव्हा नेपाळातील चढायांविषयी त्यांचा शब्द प्रमाण मानला जात होता. त्यांच्या हाती सत्ता, द्रव्य वा परवाना यांपैकी काहीच नव्हते. तरी त्यांना खोटे सांगण्याची भीती मोठमोठ्यांस वाटे. मात्र त्यांचे काम नेपाळपुरते होते. गढवाल, कुमाऊँ, स्पिती व लडाख यांकरिता तसे कोणी बसले नाही.

यास्तव राष्ट्रीय संस्थेने करावयाचे ते असे. द्रव्य, साहित्य वा परवाना यांपैकी काहीही देताना परतल्यावर वृत्तांत सादर करण्याची अट असावी, आणि तो वृत्तांत कपाटात न जाता कोणाही अभ्यासकास पाहावयास मिळावा. परत फिरलेल्या मोहिमेचा वृत्तांत यशस्वी मोहिमेइतक्याच काळजीने घ्यावा. पुढच्यास त्याचाच उपयोग अधिक. दाव्याची छाननी सन्मानापूर्वी व्हावी. गावे व खिंडी यांची नावे स्थानिक लोकांच्या तोंडून घेऊन देवनागरीत लिहावीत, कारण रोमन लिपीतून फिरून आलेली नावे ओळखू येईनाशी होतात. आणि यादीत हमाल, आचारी व वाटाडे यांची नावे, गाव व वय यांसह, नेत्याच्या नावाइतक्याच अक्षरांत असावीत. याकरिता मोठा निधी नको. दोन लेखक, एक जाणता तपासनीस आणि कोरडी खोली पुरेल.

आमच्या संग्राहक मित्रांसही एक सूचना आहे. १९५० नंतरच्या पहिल्या पिढीतील गिर्यारोहकांची टिपणे महाराष्ट्रात अजून घरोघर सापडतील. पोथ्यांच्या शोधार्थ गावी गेलात तर त्यांचीही चौकशी करावी. चित्रांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली नावे आधी उतरून घ्यावीत, कारण कागदावरील मजकुरात सर्वांत लवकर पुसली जातात ती तीच.