पेटीतल्या पुस्तिका : दूरस्थ आरोग्यशिक्षणाचा मराठी प्रवास

जिंतूर तालुक्यातले चारठाणा अभ्यासकांना ठाऊक आहे ते तिथल्या प्राचीन मंदिरांमुळे आणि बारवेमुळे. मीही त्याच दगडांच्या नोंदी घेत तिथे हिंडत असे. एकदा गावातल्या एका घरी जुने कागद चाळताना पत्र्याच्या पेटीत, पोथ्यांच्या तळाशी, आरोग्याच्या एका शिक्षणक्रमाच्या मराठी पुस्तिका निघाल्या. घरातल्या काकूंनी त्या उमेदीच्या वयात अभ्यासल्या होत्या. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती : जुलाब लागलेल्या मुलासाठी लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण काकूंना आजही पाठ आहे. असे ज्ञान इतक्या दूरच्या घरी पोहोचवायचे कोणी ठरवले असेल, हा प्रश्न तिथून माझ्या मागे लागला.

त्याचे उत्तर शोधताना पहिला मुद्दा येतो भाषेचा. चारठाणा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबादेत १८४६ साली वैद्यकशाळा निघाली, तेव्हा शिक्षण उर्दूतून होते. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग चालवून वैद्यकाचे ग्रंथही उर्दूत आणले. देशी भाषेत वैद्यक शिकवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पण मराठवाड्यातल्या बाईमाणसाची भाषा मराठी होती. तिकडे मुंबईत, १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, पुढे मराठीतून शिकवणारा वर्गही निघाला. परंतु वैद्यकीय पदवीची भाषा अखेर इंग्रजीच राहिली.

दुसरा मुद्दा, शिकवायचे कोणाला? १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. १९७७ मध्ये केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. त्यांचे प्रशिक्षण तीन महिन्यांचे होते. पुढच्याच वर्षी अल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. आरोग्याचे ज्ञान ही केवळ डॉक्टरांची मिरास नाही, हा विचार तोवर रुजू लागला होता. मात्र जामखेडच्या पद्धतीत शिकणारी आणि शिकवणारा वारंवार समोरासमोर येत. हे दूर अंतरावरून कसे साधायचे?

त्यासाठी महाराष्ट्रात जागा तयार झाली १९८९ साली. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. मराठी माध्यम, घरपोच पुस्तके आणि गावाजवळ अभ्यासकेंद्र, अशी ही रचना होती. पुढे या विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विद्याशाखेचे संचालकपद डॉ. श्याम अष्टेकर यांच्याकडे आले. ते नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत व्यवसाय केलेले डॉक्टर. ‘भारतवैद्यक’ हा त्यांचा ग्रंथ गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्याला समोर ठेवून लिहिलेला आहे. हीच आरोग्यविद्या त्यांनी इंटरनेटवरही मराठीत आणली.

अशा विद्याशाखेच्या संचालकाचे काम बाहेरून सोपे वाटते : पुस्तके छापा, परीक्षा घ्या, प्रमाणपत्रे वाटा. खरे काम वेगळेच असते. डॉक्टरांनी लिहिलेला मजकूर दहावी झालेल्या मुलीला कळेल असा करून घ्यायचा, आणि तिच्या गावापासून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल असे रुग्णालय शोधायचे. पहिली गोष्ट भाषेची, दुसरी हाताची. रक्तदाब म्हणजे काय, हे पुस्तिका सांगते; पट्टा बांधून, कानाला नळी लावून तो ओळखायला दंड समोर लागतो. नाशिक चारठाण्याहून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पुस्तिका टपालाने एवढे अंतर तोडते. रुग्णाची खाट टपालाने येत नाही.

याच नाशकात १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. एकाच शहरात दोन विद्यापीठे झाली. एकाच्या पदवीवर रुग्ण तपासण्याचा परवाना मिळतो, दुसरे घराघरात समज पोहोचवते. दोहोंतली ही रेघ पुसट झाली की धोका संभवतो, कारण भिंतीवरचे चौकटीतले प्रमाणपत्र पाहून रुग्ण फसू शकतो.

पुढे पुस्तिकेची जागा पडद्याने घेतली. २०१७ मध्ये केंद्राचे ‘स्वयम्’ व्यासपीठ आले. २०२० च्या टाळेबंदीत तर सारे शिक्षणच ऑनलाइन झाले. त्याच वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण अशा विषयांना दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे दार बंद ठेवले. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला, आणि त्याच्या आधारे २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, पोषण-आहारशास्त्र यांसारखे विषयही या पद्धतीने शिकवू नयेत, असे आयोगाने कळवले.

या निर्णयामागचे कारण मला पटते. पडद्यावर पाहून सुई टोचायला शिकलेल्या माणसाच्या हाती मी माझा दंड देणार नाही. पण बंदी आहे ती पदवीवर, व्यवसायाच्या वाटेवर. मीठ-साखरेचे प्रमाण, गरोदरपणातली धोक्याची लक्षणे, साप चावल्यावर काय करू नये, यांना परवाना लागत नाही. लागते ती सोपी मराठी, आणि ती तपासून देणारा जबाबदार माणूस. पदवीचे दार बंद झाले म्हणून विद्यापीठांनी हे कामही सोडले, तर ती जागा रिकामी राहणार नाही. मोबाइलवर फिरणारे अर्धवट उपाय ती केव्हाच भरून काढतील. अशा शिक्षणक्रमांच्या संचालकाचे काम म्हणूनच आज संपलेले नाही, उलट अवघड झाले आहे.

पुस्तिका पेटीत परत ठेवताना मी काकूंना विचारले, या शिक्षणाची नोकरी लागली का?

त्या हसल्या. “नोकरी कशाची, भाऊ? मला कुटं डाक्टर व्हायचं व्हतं? लेकराला काय व्हतंय ते कळावं, एवढंच.”