भूगोलाचा पेपर

शनिवार, २१ मार्च २०२०. सकाळचे दहा पन्नास झालेत. तुम्ही सोळा वर्षांचे आहात आणि पिंपरीतल्या एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर बाकाला पोट टेकवून बसला आहात. बाकावर खडूने लिहिलेला बैठक क्रमांक तुमच्या बाहीला पुसला जातोय. उत्तरपत्रिकेवर बारकोड चिकटवून झालाय. पर्यवेक्षक बाई नाकाला पदर धरून रांगेतून फिरतात. निम्म्या पोरांनी तोंडाला रुमाल बांधलाय, कारण करोना आलाय आणि औषधाच्या दुकानांत मास्क मिळेनासे झालेत. इतिहास आणि राज्यशास्त्राचा, चाळीस गुणांचा हा पेपर. वेळ दोन तास.

बाहेरचं शहर कालपासून थांबू लागलंय. मुंबई महानगर, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरमध्ये अत्यावश्यक सोडून सगळं ३१ मार्चपर्यंत बंद, असं मुख्यमंत्र्यांनी काल दुपारी सांगितलं. पहिली ते आठवीच्या परीक्षाही कालच रद्द झाल्या. तुमचा धाकटा भाऊ काल पेपर न देता सातवीतून आठवीत गेला आणि गल्लीभर नाचला. दहावीचा मात्र अजून एक पेपर बाकी आहे. सोमवारी, २३ तारखेला, भूगोल.

एक वाजता घंटा होते. गेटवर कुणी उत्तरं ताडून बघतं, कुणी सोमवारचे बेत ठरवतं. शेवटच्या पेपरानंतर शर्टावर सह्या घ्यायच्या, शाई उडवायची, मग पिंपरी कॅम्पात जाऊन पाणीपुरी खायची. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. सोमवार येणार नाही, हे त्या घोळक्यात फक्त तुम्हाला माहीत आहे. सांगाल? सांगून कुणाचा विश्वास बसेल? ज्या मैत्रिणीला तुम्ही ‘चल, सोमवारी भेटू’ म्हणता, तिची खोली रिकामी होऊन ती मेमध्ये लातूरकडच्या गावी गेलेली असेल. तिचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवा. ती हसेल, ‘काय रे, नाटकं?’ म्हणेल.

संध्याकाळपर्यंत बातमी येते की भूगोलाचा पेपर पुढे ढकललाय. रविवारी जनता कर्फ्यू, पाच वाजता थाळ्यांचा गजर. मंगळवारी रात्री आठला देशभर टाळेबंदीची घोषणा. बुधवारी गुढीपाडवा. गाठी मिळत नाही, फुलं मिळत नाहीत. चाळीमागच्या झाडाचा कडुनिंब मात्र मिळतो, आणि आईने जपून ठेवलेली जरीची साडी गुढीला लागते.

या शहरात शांतता म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिल्यापासून इथल्या घरांची घड्याळं पाळीवर चालतात: फर्स्ट, सेकंड, नाइट. तुमचे वडील भोसरी एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत सीएनसी मशीन चालवतात. मोठ्या कंपनीची लाइन थांबली की आठवड्यात यांच्याकडचं जॉबवर्क थांबतं. एवढी वर्षं दिवसा झोपलेले दिसणारे बाबा आता दिवसभर जागे, घरात, गप्प. एका खोलीत पाच माणसं, एक फोन, आणि कोपऱ्यात तुमचं भूगोलाचं पुस्तक.

ते पुस्तक उघडा. दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. पहिला धडा क्षेत्रभेटीचा, नंतर दोन देश शेजारी ठेवून एकेक विषय: स्थान, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, मानवी वस्ती, अर्थव्यवस्था. ॲमेझॉनचं खोरं, पँटानलची दलदल, ईशान्येकडचा कमी पावसाचा टापू. हे वाचून मराठवाड्यातून आलेले बाबा म्हणतात, ‘म्हणजे आपल्यासारखंच की तिथं.’ शाळेत एवढा वेळ कुणी या पुस्तकाला दिला नव्हता. पेपर कधी होईल कुणी सांगत नाही, म्हणून तुम्ही ते पुन्हा पुन्हा वाचता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, हनुमान जयंतीच्या सुमारास, ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांनी भारताकडे औषध मागितल्याची बातमी येते. पत्रात त्यांनी हनुमानाने लक्ष्मणासाठी आणलेल्या औषधीचा दाखला दिलाय. आजी टीव्हीसमोर हात जोडते आणि ब्राझील कुठं आहे ते विचारते. तुम्ही नकाशा उघडून तिला दाखवता.

१२ एप्रिल, रविवार. शिक्षणमंत्री जाहीर करतात की भूगोलाचा पेपर आता होणार नाही.

आनंद होईल असं तुम्हाला वाटलं होतं. होत नाही. तीन आठवडे धरून ठेवलेला श्वास सुटावा आणि त्याचं काय करायचं ते कळू नये, तसं काहीसं होतं. मोठ्यांना हे सांगायला गेलात तर ते म्हणतील, ‘सुटलास की!’ मला मात्र त्या वर्षीच्या मुलांचं हे दुःख खरं वाटतं. सुमारे साडेसतरा लाख मुलं दहावीला बसली होती. वर्षाचा शेवट म्हणजे नुसता पेपर नव्हे. गेटबाहेर थांबलेली माणसं, सह्यांचा शर्ट, ‘सुटलो’ असं मोठ्यांदा ओरडायचा हक्क, हे सगळंच त्यांच्याकडून गेलं. त्याची भरपाई कुठल्या सरासरीने होणार?

दोन दिवसांनी १४ एप्रिल. एरवी या दिवशी पिंपरी चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. या वर्षी जयंती घरात. वस्तीतली पोरं दरवर्षी विहारात बसून सलग अठरा तास अभ्यास करतात. यंदा जो तो आपापल्या घरात बसतो. तुम्हीही बसता. कशाचा अभ्यास, असं भाऊ विचारतो. परीक्षाच नाही ना आता! तुम्ही भूगोलाचा शेवटचा धडा संपवता.

आणि मग मे. हा महिना सावकाश जगा, घाई करू नका.

शेजारच्या खोलीत बिहारचे चौघे राहतात, एका फाउंड्रीत हेल्पर. श्रमिक रेल्वे सुटणार म्हणून त्यांना अर्ज भरायचाय, डॉक्टरचा दाखला जोडायचाय, आधारचा फोटो चढवायचाय. त्यांच्यातल्या मोठ्याला अक्षरं लागत नाहीत. तुम्ही दारात अंतर ठेवून बसता आणि बाबांच्या फोनवर अर्ज भरून देता. जिल्हा, तालुका, पोलीस ठाणे. एकाचा झाला की दुसरा. संध्याकाळपर्यंत जिन्यावर रांग लागते. बाबा पहिल्यांदाच काही न सांगता फोन तुमच्याकडे सोपवतात आणि स्वतः मंडळाच्या पोरांबरोबर रेशनची पाकिटं बांधायला जातात: पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट. काम थांबलेल्या माणसाचे हात पुन्हा चालू लागलेले तुम्ही बघता. मला विचाराल, तर त्या उन्हाळ्यात शहर तगलं ते या जिन्यांवर. शासनाने शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली, पालिकेचं वायसीएम रुग्णालय रात्रंदिवस राबलं, हे मोलाचंच. पण अर्ज भरणारी, यादी करणारी, कुठल्या खोलीत म्हातारं माणूस एकटं आहे ते सांगणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची होती. त्यांची नावं कुठल्या अहवालात नाहीत.

खालच्या मजल्यावरच्या सिंधी आजोबांकडे औषध पोहोचवायला जा. फाळणीनंतर निर्वासित म्हणून लहानपणी ते पिंपरी कॅम्पात आले. ‘माझी चौथी अर्धीच राहिली होती,’ ते दाराआडून सांगतात. ‘इथं आलो तर पुस्तकंच वेगळी, भाषा वेगळी. दोन वर्षं गेली. मग बसली घडी.’ एवढंच बोलून ते औषधाचे पैसे मोजायला लागतात. तुम्हाला ‘दोन वर्षं’ हे शब्द ऐकून पोटात गोळा येतो. तेव्हा तुमच्याशिवाय कुणालाच वाटत नव्हतं की हे इतकं लांबेल.

तिकडे तुमच्या उत्तरपत्रिकांचा वेगळाच प्रवास चाललाय. गठ्ठे टाळेबंदीत अडकले होते. मग शिक्षकांना ते घरी नेऊन तपासायची मुभा मिळाली. कुणीतरी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुमचा इतिहास तपासतात.

२९ जुलै, दुपारी एक. राज्याचा निकाल ९५.३० टक्के. आदल्या वर्षी तो ७७.१० होता. ‘यांना फुकट मार्क मिळाले,’ असं लोक लगेच म्हणू लागतात. हे अन्यायाचं आहे. निकाल वाढला, त्याला शाळेकडचे अंतर्गत गुण त्या वर्षी परत आले हे मोठं कारण होतं. भूगोलाचे चाळीस गुण तेवढे बाकीच्या पेपरांच्या सरासरीने दिले गेले. उरलेला प्रत्येक पेपर या मुलांनी बाकावर बसून लिहिलेला आहे.

अकरावीचे प्रवेश ऑनलाइन सुरू होतात आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मराठा आरक्षणावरच्या स्थगितीनंतर अडतात ते थेट नोव्हेंबरपर्यंत. त्याच सप्टेंबरात रुग्णसंख्येत भारत ब्राझीलला मागे टाकतो. दोन देशांचे आकडे शेजारी शेजारी रोज टीव्हीवर येतात, पुस्तकातल्या आलेखांसारखे.

या रिकाम्या महिन्यांत इमारतीच्या पार्किंगमध्ये तुमचा वर्ग भरतो. सकाळी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ बघून आलेली छोटी मुलं, आणि नववीतून दहावीत गेलेल्या तिघी. फळा नाही. कंपनीतून आलेल्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवलाय. तिघींतली एक तुमची पुस्तकं मागते. तिच्या बॅचला २०२१ साली एकही पेपर लिहायला मिळणार नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागेल, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला नाही.

‘भूगोलात महत्त्वाचं काय काय येतं?’ ती विचारते.

‘सगळंच,’ तुम्ही म्हणता. ‘आधी नकाशा घे. ब्राझील कुठं आहे, दाखव.’